भेगेची वाट

दातांच्या दवाखान्यात एक शिंपी नंबराची वाट पाहत होता. शेजारी एक आत्या आणि तिची धातूच्या प्रयोगशाळेत काम करणारी भाची बोलत होत्या.

"वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये वाळू? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वाळू नाही गं आत्या, फार कठीण भुकटी. गेल्या वेळी थंडच टाकली, सगळी वर तरंगली. या वेळी आधी भाजली, मग ढवळत ढवळत सोडली."

"आणि आजही त्या धातूचा तुकडा लवकर मोडला असता तर?"

"काम बंद. साहेबांनी बजावलंच होतं."

"मग?"

"यंत्राने ताणला, ताणला... मोडला."

"अगं बाई!"

"पण ठरलेल्या ताणाच्या कितीतरी पुढे! मग भिंगाखाली पाहिलं. भेग सरळ धावत आली, कणापाशी अडली, वळसा घालून निघाली. पुन्हा कण, पुन्हा वळसा."

"एवढ्याशा कणापुढे?"

"नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही गं तो!"

"काका, चला, तुमचा नंबर," दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी शिंप्याला हाक मारली.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या हो," शिंपी म्हणाला. "पोरी, पुढे कुठे गेली ती भेग?"