टोपीशिवायचा फोटो

सशाच्या कानांच्या टोप्या घातलेल्या मायलेकी थीम पार्कमधल्या पॉपकॉर्नच्या रांगेत माझ्यापुढे होत्या.

“आई, मिरवणूक सुरू झाली की पाणचक्कीमागे कुणी नसतं. तिथे टोपी काढ.”

“शिओरी, मिरवणुकीसाठी सकाळीच चटई टाकून जागा धरलीस ना?”

“ती दिली शेजारी बसलेल्या पोरांना.”

“वेडी! इतकी आवडते तुला मिरवणूक!”

“नर्सबाईंना फोटोत तुझे नवे केस दाखवायचेत ना?”

“हो गं. इस्पितळात त्यांनी किती केलं माझं! पण आहेत कुठे केस? बदकाच्या पिल्लासारखी लव नुसती.”

“गोड दिसते.”

तेवढ्यात ढोल वाजले. आम्हा तिघांखेरीज सगळी रांग तिकडे धावली.

“आई, इथेच एकांत मिळाला बघ! फक्त हे आजोबा राहिलेत.”

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि मोबाइल पुढे केला.

“आजोबा, आमच्या दोघींचा फोटो काढाल?”