एकच डाव, स्लाव्का

नीश शहरातल्या दवाखान्यात ल्युबिंका नंबर लावून बसली होती. तिच्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या येऊन टेकल्या आणि बसल्या बसल्याच त्यांचं सुरू झालं.

"काय गं स्लाव्का, बुद्धिबळ शिकतेस म्हणे? या वयात?"

"बागेतले म्हातारे शिकवतात. आधी नुसते हसायचे. आता माझा वजीर तेवढ्या पटकन पडत नाही."

"नवऱ्यानं जन्मभर विनवण्या केल्या, तेव्हा नाही बसलीस ती!"

"तेव्हा मिरच्या भाजायच्या असायच्या, लोणची घालायची असायची. जेवण झालं की तिहोमीर पट मांडायचा. 'एकच डाव, स्लाव्का.' मी म्हणायचे, उद्या. मग एकटाच दोन्हीकडून खेळायचा बिचारा."

"आता बसतेस ना? झालं तर मग."

"बसते. काल त्याला हरवलं."

"अगं बाई! अख्ख्या नीशला पाणी पाजणाऱ्या तिहोमीरला? मग तोंड का पाडलंयस?"

"त्यानं घोडा सरळ पळवला, पेर्सिदा. अडीच घरं नाही, हत्तीसारखा सरळ. मला वाटलं, थट्टा करतोय. वर बघितलं, तर पोर मास्तरांकडे बघतं तसा माझ्याकडे बघत होता. बरोबर आहे ना, असं विचारत."

ल्युबिंकाचा नंबर पुकारला गेला. तिनं शेजारच्याला पुढे जायला खुणावलं.

"मग? चूक दाखवलीस त्याला?"

"धीर झाला नाही गं. पुन्हा पट मांडला. आणि त्या डावात मीही माझा घोडा सरळच चालवला."