अर्धा ‘स’

सिस्टर : काका, सहीचं बघता का? औषधचाचणीच्या संमतीपत्राच्या नऊ पानांना दोन तास लावलेत तुम्ही.

काका : चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, सिस्टर. न वाचता सही करायला हात धजत नाही.

सिस्टर : खरं औषध मिळेल की नुसतीच पिठाची गोळी, ते मलाही कळणार नाही. तेच अडतंय का?

काका : छे. आजार नवा आहे, कुणीतरी गोळी घेऊन बघायलाच हवी. या वॉर्डात सह्या किती झाल्या?

सिस्टर : एकही नाही. अकरा जण पाचव्या पानापर्यंत आले आणि कागद परत दिले. उद्यापर्यंत कुणी मिळालं नाही तर अभ्यास दुसऱ्या रुग्णालयात जाणार. माझंच बोलणं कुठेतरी चुकतंय. रडू येतं हो, पण या डोक्यापासून पायापर्यंतच्या बंद पोशाखात डोळेही पुसता येत नाहीत.

काका : बोलणं ठीक आहे तुमचं. पाचवं पान, तिसरी ओळ. मोठ्यानं वाचा.

सिस्टर : ‘अठ्ठाविसाव्या दिवशी आपणांस घरपोच मरणपत्र...’ अगंबाई!

काका : स्मरणपत्र. अर्धा ‘स’ खाल्लाय कुणीतरी.

सिस्टर : आणि मी प्रत्येकाला वर गोड आवाजात सांगितलं, सावकाश वाचा, घाई नाही म्हणून. काका, हसू नका, खोकला लागेल.

काका : तुम्हीच हसताय. चष्म्यावर वाफ धरलीय तुमच्या. द्या पेन, घालतो तो ‘स’.

सिस्टर : हातानं नाही चालत. मजकूर बदलला की समितीची मंजुरी लागते.

काका : अर्ध्या अक्षराला अख्खी समिती?

सिस्टर : सकाळीच बसवते त्यांना. आजाराच्या पाचव्या दिवसानंतर कुणाला घेता येत नाही, आणि तुमचा पाचवा उद्याच आहे.

काका : मग बसवाच. तोवर शेजारच्या खाटांना खरं काय ते मी सांगून ठेवतो.

(अठ्ठाविसाव्या दिवशी, फोनवर.)

सिस्टर : काका, तुमच्यामागून तेवीस सह्या झाल्या. अभ्यास इथेच राहिला. आज तपासणीला यायचंय, पत्र मिळालं ना?

काका : मिळालं. आमच्या हिनं दारातच फोडलं. दोन वेलांट्या चुकल्यात.

सिस्टर : आणि ‘स’?

काका : जागच्या जागी आहे. मीही आहे.