दोन्ही हातांनी

— नाही, तिथे नको बसूस, ती तेओची जागा. नव्या माणसाची जागा संडासापाशी, मीही तिथूनच सुरुवात केली. पण थांब, जरा इकडे सरक — बाकीचे कैदी पटांगणात गेलेत, अर्ध्या तासात येतील, माझे गुडघे चालत नाहीत म्हणून मी मागे, आणि तुला आज पहिला दिवस म्हणून सोडलं नाही. छातीवरचा बिल्ला पिवळा, म्हणजे टोळीतला. बुसानचा? ग्वाकचा माणूस ना? — नको, सांगू नकोस. तेओला सकाळीच कळलंय, म्हणून तर बोलतोय.

ग्वाक याच खोलीत होता, खोलीचा दादा. वडीलधाऱ्याकडून काही घ्यायचं तर दोन्ही हातांनी, हे तुला काय सांगायचं, पण ग्वाकला त्याचं वेडच — म्हणायचा, दोन्ही हात दिसले की हत्यार कुठे ते कळतं. तेओ आला तेव्हा एकवीस वर्षांचा, काटकुळा, मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवणारा, भांडणात एकाला जिवे मारून आलेला. पहिल्याच दिवशी ग्वाकने दिलेला पाण्याचा पेला एका हाताने घेतला. ग्वाकने तो हात जमिनीवर ठेवायला लावला आणि टाचेने दोन बोटं मोडली — सावकाश, तोंडातला घास चावत. पोरगं ओरडलं नाही. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. मग आठ महिने वाकड्या बोटांनी त्याने सगळ्यांची भांडी घासली, संडासाशेजारी झोपला आणि बघत राहिला. काय बघत होता? — तर ग्वाक स्वतः एकच हात पुढे करतो, दुसरा कायम मोकळा. फक्त माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतो, मान खाली घालून. त्याच्या बापाच्या वयाचा ना मी. जनावर होता, पण मला आजोबा म्हणायचा, थंडीत गरम पाण्याची बाटली आधी माझ्या पांघरुणात सरकवायचा.

नववर्षाच्या सकाळी तांदळाच्या वड्यांचं सूप आलं. तेओ म्हणाला, सण आहे, दादाला पहिला वाडगा आजोबांच्या हातून. मी दिला. ग्वाकने दोन्ही हातांनी धरला, मान वाकवली — आणि तेओने मागून मानेत खुपसलं. टूथब्रशचा दांडा, सिमेंटवर घासून घासून खिळ्यासारखा केलेला. सात वेळा. माझ्या तोंडावर रक्त, सुपात रक्त. मला काय ठाऊक? मी फक्त वाडगा दिला. ग्वाक पाय झाडत होता आणि तेओने आपला वाडगा उचलला, वाकड्या बोटांत चमचा धरून खायला लागला, म्हणाला, जेवा, निवतंय. सगळे जेवले. — हो, मीपण. असा बघू नकोस.

खून बोंगने अंगावर घेतला, जन्मठेपेचा कैदी — बाहेर त्याच्या मुलीच्या दाराशी तेओचे जुने मोटारसायकलवाले दोस्त उभे होते. पुढच्या महिन्यात शेजारच्या खोलीच्या दादावर उकळतं पाणी, मग त्या पलीकडच्याचा कान, दातांनी. आज अख्खा मजला त्याचा, शिपाईसुद्धा त्याचेच, आणि बिल्ला बघ — अजून पांढरा, साध्या कैद्याचा. मी आता त्याच्या शेजारी झोपतो, जमिनीखालचे गरम पाण्याचे नळ तिथूनच जातात, सगळ्यात ऊब तिथे. झोप येत नाही ते सोड. — का म्हणजे? ती जागा मला का? तुला काय करायचंय?

बरं, ऐक. मला माहीत होतं. आदल्या दिवशी त्याने दांडा दाखवला होता, म्हणाला, आजोबा, उद्या कुणीतरी जाणार, कोण ते तुम्ही ठरवा. ग्वाकने वाडगा धरला, ओढला, आणि मी सोडला नाही. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तरी सोडला नाही.

मगाशी जाताना तेओ म्हणाला, आज पाहुण्याला पहिला वाडगा तुमच्या हातून. कळलं? तू एका हाताने घे. दुसरा मोकळा ठेव, पाठ भिंतीला, आणि वाडगा सरळ दारावर फेक. शिक्षेच्या कोठडीत टाकतील, ती या मजल्यावर नाही — तिथे एकटा असशील, जिवंत असशील. आत्ताच दार ठोकू? नको रे, शिपाई कारण विचारतील, आणि कारण तेओकडे पोचेल. मला जगायचंय अजून. वाडगा फेकलास तर तू नुसता माजोरडा.

किल्ल्या वाजल्या. जा, संडासापाशी जा.

— या, या. थंडी फार ना बाहेर? जेवण आलंच. हो तेओ, लक्षात आहे, मीच देतो. ए नव्या, ये इकडे, घे. — एका हाताने? आजोबाच्या वयाच्या माणसाकडून एका हाताने? आईबापांनी काही शिकवलं नाही? दुसरा हात लाव. लाव म्हणतो ना. — अरे, फेकला. बघा रे, दारावर फेकला. शिपाई, घेऊन जा याला, मला याचं तोंडही बघायचं नाही.

काय बघतोस, तेओ? जेव. निवतंय.