लाल गोळ्या आन् सासूचा नवस

मी अकलोलीची, गरम पाण्याच्या कुंडांजवळ माहेर, लग्न करून भिवंडीत आले तं इथं सगळं कापड विणायच्या लूमचं जग, आमचे हेही लूमवरच.

काय सांगू ताई, पहिलं पोर झालं न् मी पांढरीफटक पडले, अंगाला नुसती खाज, तोंडाच्या कडा चिरलेल्या. शेजारणी म्हणायच्या, गोरी झाली गं! पण सासूनं मला खाजवताना बघितलं न् तिच्या डोक्यात बसलं, हिला कातडीचा रोग हाय, पोराला लागंल. म्हणाली, बरी होईस्तोवर तू माहेरी जा, पोर इथंच राहील, वरचं दूध पाजू.

कातडीला गुण येतो म्हणून आधी मी माहेरच्या कुंडात चार दिस बसून आले, खाज वाढलीच. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पापणी खाली ओढली न् म्हणाल्या, कातडीला काय न्हाय झालं, अंगात रक्तच न्हाय, लोह पायजे. आता कुठलं घ्यायचं? दुकानात टॉनिकची बाटली, वर गोऱ्या बाईचं चित्र, आन् नर्सबाईंच्या फुकटच्या लाल गोळ्या. सासू म्हणे, फुकटचा काय गुण येणार, बाटली घे. मी बाटलीच बाईंना दाखवायला नेली, त्या म्हणाल्या, हिच्यात नुसती साखर, गोळ्या घे, परसाकडं काळं होईल, भिऊ नको.

महिना झाला, फरक न्हाय. सासूनं माझं गाठोडं बांधलं. मी तशीच धावत दवाखान्यात. बाईंनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? म्हटलं, चहाबरोबर, आमच्याकडं शिफ्ट सुटली की चहा, पाहुणा आला की चहा, औषध गिळायचं तरी चहानंच. बाईंनी कपाळाला हात लावला. अगं, चहा लोह अंगी लागू देत न्हाय, लिंबाच्या पाण्याबरोबर घे.

घरी येऊन सासूला म्हटलं, आय, अजून दोन महिने द्या, न्हाय बरी झाले तं माझ्या पायानं जाईन. तिनं गाठोडं उचलून कोपऱ्यात ठेवलं. न् खरंच सांगते, हळूहळू खाज गेली, ओठांना रंग आला, मी आरशापुढून हलेना! एक दिस सासूनं लुगडं बदललं, पोर माझ्या मांडीवर दिलं, म्हणाली, सांभाळ, मी वज्रेश्वरीला नवस फेडून येते. म्हटलं, कसला वो नवस?

म्हणाली, तू जाऊ नये म्हणून.

त्याला पाच वर्षं झाली, भांडतो आम्ही अजून रोज. देवी तिला उदंड आयुष्य देवो, मला भांडायला तीच पायजे.