पेसमेकर आहे का?

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायचा होता. माझ्या शेजारी विद्युतदाहिनी चालवणारे एक गृहस्थ आणि त्यांची लेक बसली होती.

"बाबा, होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत कुणी 'पेसमेकर आहे का' असं विचारतं?"

"अगं, तो आत राहिला तर भट्टीत फुटतो. आधी काढून घ्यावा लागतो. आम्ही सगळ्यांनाच विचारतो."

"सगळ्यांच्या नातेवाइकांना विचारता! हे स्वतः समोर बसून चहा पीत होते."

"मग बरंच की. थेट त्यांनाच विचारता आलं."

"आणि वजन कशाला विचारलंत?"

"वजनावर वेळ ठरते. त्यांच्यासारख्या अंगाने भरलेल्या माणसाला दीड तास धर. मग अस्थी थंड व्हायला..."

"काहीही धरू नका! आणि सासूबाईंनी नुसतं सांगितलं की त्यांचे गुडघे बदललेत."

"मग मी धीरच दिला ना? म्हटलं, ते जळत नाहीत, अस्थींमधून आम्ही वेचून वेगळे काढतो."

"त्यानंतर कुणी बिस्किटाला हात लावला नाही, बाबा. आज होकार कळवणार होते. दुपार झाली, अजून फोन नाही. मोडलं तर?"

"मी माफी मागतो त्यांची. पाय धरतो, हवं तर."

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला.

"हो काका... खरंच?... थांबा हं, विचारते. बाबा, होकार आहे!"

"बघ! आणि काय विचारतायत?"

"सासऱ्यांना खरंच पेसमेकर आहे. विचारतायत, त्यांच्या वेळेला भट्टीवर तुम्हीच असाल ना?"

"अगं, मी चार वर्षांत रिटायर होतोय. त्यांना म्हणावं, जरा लवकर..."

"बाबा, फोन चालू आहे!"