पट्टीखालची खाज

नेपियर टाउनच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या पडद्याआड सिस्टर डोमाजी नावाच्या रुग्णाच्या दंडातल्या नळीवरची पट्टी बदलत होत्या. सोबत त्यांची बायको शेवंता होती.

"काकाजी, दंडावर एवढी लाली कधीपासून आहे?"

"आठ दिवस झाले, सिस्टर."

"अन् मले आज समजून राहिलं! काहून लपवलं जी?"

"ही औषधाची नळी काढून टाकतील म्हणून. मागं शीर सापडेना, तर चार जागी टोचलं होतं. औषध अजून तीन महिने चालायचं आहे."

"घाबरू नका. ताप नाही, पू नाही. लाली पट्टीएवढीच चौकोनी आहे. तुम्हाला तिचा गोंद सोसला नाही. डॉक्टरांनी आत्ताच पाहिलं ना, नळी राहणार. मी पट्टी वेगळी लावते."

"सच?"

"हो. आधी हे कातडीला लावलेलं औषध पूर्ण वाळू द्या."

"फुंकर मारू का?"

"फुंकायचं नाही, खाजवायचं नाही, तेल लावायचं नाही."

"मग मी करू काय?"

"खाज आली की लगेच सांगायचं."

"अन् पहिले मले सांगायचं!"

"तुले सांगितलं तर तू रडत बसते, शेवंता."

"आता काय करून राहिली मी?"

"हसून राहिली."

"मग सांगत जा ना."